बाजूच्या सीटवरच्या बाई

त्या गावात एखादी बाई शांतपणे, आरशात बघून, इंडिकेटर देऊन वळली, की लोक म्हणायचे, "बाईंची विद्यार्थिनी दिसतेय." टायरच्या दुकानाशेजारच्या एका खोलीत बाईंनी एकोणतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर तेलरंगात काढलेला चौरस्ता आणि कोपऱ्यात स्टँडवर एक कापून उघडा केलेला गिअरबॉक्स. बाहेर पांढरी छोटी गाडी, जिला ब्रेक आणि क्लचचे दोन-दोन संच होते. एक शिकणाऱ्याचा आणि एक बाजूच्या सीटवर बसणाऱ्या बाईंचा.

बाई कधी ओरडायच्या नाहीत. "गाडीला राग कळत नाही, गिअर कळतो," असं म्हणायच्या. या नियमाला एकच अपवाद झाला. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला शिकवायला घेतलं. ते पोस्टात कारकून, स्वभावाने गरीब. तीन दिवस शिकवणी चालली. चौथ्या दिवशी ते नवी कोरी सायकल घेऊन घरी आले आणि म्हणाले, "संसार टिकवायचा असेल तर हीच बरी."

सकाळी सहाच्या बॅचला एका वर्षी तिघीजणी आल्या. एक हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळी संपवून तशीच थेट यायची, जिभेला धार. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. दुसरी बेकरीवाली. सासऱ्यांच्या बेकरीचा माल तिला स्वतः दुकानोदुकानी पोचवायचा होता. तिसरी ग्रंथालयात नुकती लागलेली बावीस वर्षांची मुलगी. ही दुसऱ्या गिअरच्या पुढे जायलाच तयार नसे. बाई म्हणाल्या, "तिसरा गिअर काय शोभेला दिलाय का गं?" ती म्हणाली, "असू दे ना बाई, दुसऱ्यात बरं वाटतं." त्या दिवसापासून तिचं नाव गोगलगाय पडलं. लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा उरलेल्या दोघींनाच जास्त आनंद झाला, आणि त्या भरात चौघींनी समुद्रावर जायचं ठरवलं.

रस्ता पाच तासांचा, मध्ये एक मोठा घाट. गाडी अर्थातच बाईंनी चालवली. समुद्राजवळच्या एका घरात चार खाटांची खोली मिळाली. दोन दिवस राहिल्या, हसल्या, परतल्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेल्या. मग ती रीतच पडली. अशा अठरा सहली झाल्या. वयाचं अंतर केव्हाच पुसलं गेलं, फक्त "बाई" आणि "तुम्ही" तेवढं राहिलं. कोणी कधी म्हणालं, "बाई, थोडा वेळ मी घेऊ का?" तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही मजा करा गं पोरींनो. गाडीचं माझ्यावर सोडा."

बाई सत्तावन्न वर्षांच्या असताना एक छोटीशी गोष्ट घडली. पेट्रोल भरून त्या एकट्याच परत येत होत्या. भर सकाळ, चौक मोकळा. डाव्या बाजूने एक सायकलस्वार आला, गाडीचा कोपरा त्याच्या चाकाला लागला आणि तो पडला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. उलट तोच म्हणाला, "माफ करा बाई, माझंच लक्ष नव्हतं." बाईंनी चूक केली असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बाईंनी त्याला दवाखान्यात नेऊन पट्टी बांधून आणली. मग घरी येऊन त्या बराच वेळ चहा समोर ठेवून बसल्या.

"तो एकदम कुठून तरी आला असेल," नवरा म्हणाला.

"कुठूनही आला नाही. तो तिथे होताच. मला दिसला नाही."

दुसऱ्याच दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. तिथे त्यांना एका पांढऱ्या गोल यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. हातात एक बटण दिलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. बाई वाट बघत बसल्या. एखाद-दुसरा ठिपका दिसला, त्यांनी बटण दाबलं, मग पुन्हा काहीच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "सुरू करा ना. मला कामं आहेत."

तपासणारी मुलगी जरा थांबून म्हणाली, "बाई, अर्धी तपासणी झाली."

काचबिंदू होता. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण दोन्ही कडांनी नजर आत आत सरकत आली होती. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाने टिकेल, असं डॉक्टरांनी समजावलं. रोज दोन वेळा डोळ्यांत थेंब, सहा महिन्यांनी तपासणी. मग ते जरा चाचरले. "आणि गाडी..."

"चालवायची नाही," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक आहे. असा उमेदवार आला असता तर मीच नापास केला असता."

महिन्याच्या आत त्यांनी शाळा बंद केली. शिकणाऱ्या मुलींना दुसऱ्या शाळेत पोचवलं, पांढरी गाडी विकली, गिअरबॉक्स तेवढा घरी आणला. कोणाला काही कळलंही नसतं. वर्ष-दोन वर्षं सहज रेटता आलं असतं. पण बाईंनी रेटलं नाही. सायकलस्वाराचं खरचटलेलं कोपर त्यांना पुरलं.

त्या हिवाळ्यात बेकरीवालीने फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही जा. सामानासारखी लादून घेऊन मी येणार नाही." मग कोणीच गेलं नाही.

बाई घरी बसल्या. गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायच्या आणि पुटपुटायच्या, "दुसरा टाकायला हवा होता," "क्लच जाळतोय हा." नवरा निवृत्त झालेला, त्यामुळे दिवसभर तावडीत. वर्षभर त्यांनी सोसलं. मग एका सकाळी पाव आणायला बेकरीत गेले आणि बेकरीवालीसमोर उभे राहून म्हणाले, "तुमच्या बाईंना कुठेतरी न्या गं. काल मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो तर म्हणतात, दोन्हीकडे बघून या."

त्याच संध्याकाळी तिघी बेकरीच्या मागच्या खोलीत जमल्या. न्यायचं तर कसं? बाई ऐकणार नाहीत. सिस्टर म्हणाली, "दया दाखवलेली त्यांना चालायची नाही. हॉस्पिटलात असे पेशंट रोज बघते मी. त्यांना काम द्यावं लागतं."

मग गोगलगाय पुढे सरकली. ती म्हणाली, "गाडी मी चालवते."

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. गोगलगाय आता बेचाळीस वर्षांची होती. एवढ्या वर्षांत घर ते ग्रंथालय आणि ग्रंथालय ते घर, यापलीकडे तिने स्टीअरिंग धरलं नव्हतं.

"तू घाट चढणार?" बेकरीवालीने विचारलं.

"शिकेन. आणि मी चालवणार म्हटल्यावर बाई घरी बसतील असं वाटतं का तुम्हाला?"

हे मात्र दोघींना एकदम पटलं. सहा रविवार बेकरीवाली तिला घेऊन घाटाच्या माथ्यापर्यंत गेली. वर चहा प्यायचा, त्याच बाजूने परत उतरायचं. सातव्या आठवड्यात सिस्टरने फोन लावला.

"बाई, आम्ही शनिवारी निघतोय. गोगलगाय गाडी चालवणार म्हणते."

पलीकडून प्रश्न आला, "घाटातून?"

"घाटातूनच जातो ना रस्ता."

"हे कोणी ठरवलं?"

"तिनेच."

बाईंनी मोठा श्वास घेतला. "मी पुढे बसेन," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी बेकरीची लांब गाडी दारात आली. मागचे पावाचे ट्रे काढले होते, पण व्हॅनिलाचा वास गेला नव्हता. गोगलगाय स्टीअरिंगवर, बाई तिच्या डाव्या हाताला, बाईंच्या मागे सिस्टर आणि गोगलगायीच्या मागे बेकरीवाली. नवऱ्याने खिडकीतून थर्मास दिला आणि गाडी नजरेआड होण्याआधीच ते सुटल्यासारखे घरात गेले.

पहिला तासभर बाईंनी शाळाच चालवली. "आरसा." "इंडिकेटर बंद कर, लग्नाची वरात आहे का?" "एवढं घट्ट धरू नकोस, स्टीअरिंग पळून जात नाही." गोगलगाय मान डोलवत होती आणि चक्क चौथ्या गिअरमध्ये गाडी नेत होती. हळूहळू बाईंना बोलायला काही उरलं नाही. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"ही नदी इथे कधी आली?" त्यांनी विचारलं.

मागून सिस्टर म्हणाली, "बाई, ती अठरा वर्षं इथेच आहे."

बाई नदी मागे पडेपर्यंत पाहत राहिल्या. इतक्या वेळा त्या या रस्त्याने गेल्या होत्या, पण त्यांनी पाहिला होता तो फक्त डांबराचा पट्टा, समोरच्या गाडीचे लाल दिवे आणि आरसा. नदी बाकीच्या तिघींनी पाहिली होती.

"आणखी काय काय आहे इकडे?" त्यांनी विचारलं.

मग मागच्या दोघींनी सुरुवात केली. कडेचं बाईंना दिसत नव्हतं, मान वळवून नेम धरल्यासारखं पाहावं लागायचं. म्हणून सिस्टर आधीच सांगायची, "डावीकडे बघा, विटांची भट्टी. आता मागे गेली." बेकरीवाली उजवी बाजू सांभाळायची, "इकडे बाई, निळ्या दाराचं घर. कुत्रा छपरावर चढलाय." बाई मान फिरवायच्या. नळीतून पाहावं तेवढाच तुकडा दिसायचा, पण तेवढा लखलखीत. कुत्रा दिसला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

घाट गोगलगायीने न थांबता चढवला. माथ्यावर चहा झाला. सिस्टरने बाईंची मान मागे करून डोळ्यांत थेंब घातले, कारण सकाळी निघायच्या गडबडीत ते राहिले होते. मग उतार सुरू झाला. ही बाजू गोगलगायीने कधी चालवली नव्हती, आणि ती पलीकडच्यापेक्षा बरीच तीव्र होती. तिकडे नुसत्या ब्रेकवर भागलं होतं.

तिने भीतीने पाय ब्रेकवरच ठेवला. गाडी चौथ्यात, पाय ब्रेकवर, पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाई खिडकीबाहेर बघण्यात रमल्या होत्या. आधी त्यांना वास आला, कापड इस्त्रीखाली जळावं तसा. त्यांनी झटकन मान वळवली.

"बाई," गोगलगाय अगदी हळू आवाजात म्हणाली, "ब्रेक लागत नाहीये."

बाईंचा उजवा पाय आपोआप खाली गेला. एकोणतीस वर्षांची सवय. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबरी चटई होती.

"बरं," बाई म्हणाल्या. सकाळी सहाच्या बॅचला म्हणायच्या त्याच आवाजात. "ब्रेकवरून पाय काढ. काढलास? आता क्लच. तिसरा टाक. क्लच हळू सोड."

इंजिन गुरगुरलं, गाडीला हिसका बसून ती थोडी आवरली.

"छान. आता दुसरा टाकायचाय."

"जाईल का बाई? वेग जास्त आहे."

"तू आयुष्यभर दुसऱ्यातच गाडी चालवलीस. दुसरा तुझ्याइतका कोणाला येतो? मी सांगेन तेव्हा."

बाईंनी डोळे मिटले. त्या इंजिन ऐकत होत्या. आवाज थोडा खाली येईपर्यंत थांबल्या. "आता." दुसरा पडला. इंजिन ओरडायला लागलं, पण गाडीने उताराला टाच रोवली.

"सिस्टर, डावीकडे काय आहे?"

"डोंगर. मध्ये गटार." सिस्टरचा आवाज ऑपरेशन थिएटरमधला होता.

"उजवीकडे?"

"समोरून ट्रक येतोय, त्याच्या बाजूने," बेकरीवाली म्हणाली. "गेला. आता मोकळं आहे. पुढे वळण."

"वळणापलीकडे काय ते दिसलं की सांगा. गोगलगाय, हँडब्रेकचं बटण दाबून धर, आणि थोडा ओढ, थोडा सोड. एकदम ओढायचा नाही."

वळण आलं. गाडी आपल्याच बाजूने वळली.

"डावीकडे मोकळी जागा आहे," सिस्टर म्हणाली. "खडीचा ढीग टाकलाय. पन्नास पावलं."

"त्यात घाल," बाई म्हणाल्या. "सरळ घाल, घाबरू नकोस. खडी सैल असते, गाडी रुतून थांबेल."

गाडी खडीत शिरली, करकरली आणि थांबली.

बेकरीवालीने सवयीने बिस्किटांचा डबा उघडला, कोणी घेतलं नाही, तिने तो परत बंद केला. बाईंनी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट दाबून धरली. गोगलगाय स्टीअरिंगवर डोकं टेकून रडत होती.

"मी मारलं असतं सगळ्यांना," ती म्हणाली.

"गप. इकडे बघ," बाई म्हणाल्या. "घाट कसा उतरायचा हे मी तुला कधी शिकवलं?"

तिने आठवून पाहिलं. "नाही."

"नाहीच. गावात घाट नाही म्हणून तो धडाच नव्हता माझ्याकडे. आणि अठरा वेळा हा घाट आला तेव्हा मी स्टीअरिंग सोडलं नाही. एकदा जरी तुझ्या हातात देऊन बाजूला बसले असते, तर आज तुझा पाय ब्रेकवर राहिला नसता. ही चूक तुझी नाही, माझी आहे. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं असतं. हे मी आज सांगतेय, वीस वर्षं उशिरा."

सिस्टर म्हणाली, "बाई, चूक कोणाची ते नंतर वाटून घ्या. आधी पाणी प्या दोघी."

चाकं गार व्हायला त्या तासभर दगडांवर बसल्या. मग बिस्किटं संपली. बेकरीवाली उठून म्हणाली, "आता मी घेते गाडी."

"नाही," बाई म्हणाल्या. "तीच नेणार. आज तिने हा घाट उतरवला नाही, तर परत कधी स्टीअरिंगला हात लावायची नाही."

गोगलगायीने तोंड धुतलं आणि ती बसली. आधी गाडी खडीतून बाहेर काढून सपाट तुकड्यावर दोनदा ब्रेक तपासला, तो लागत होता. मग उरलेला घाट तिने सगळाच्या सगळा दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. मागे गाड्यांची रांग लागली, लोक हॉर्न वाजवत होते. बाई म्हणाल्या, "वाजवू देत. झिजला तर त्यांचाच हॉर्न झिजेल."

पायथ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने चाकं काढून पाहिली, सगळी हकिकत ऐकत ब्रेकचं तेल बदललं आणि विचारलं, "खडीत घालायचं कोणाला सुचलं?" तिघींनी बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी गोगलगायीकडे दाखवलं. "घातली तिने."

समुद्रावर पोचायला चार वाजले. खोली तीच होती, खाटा त्याच. चपला काढून चौघी वाळूत उतरल्या. पायाखालचे खड्डे बाईंना दिसत नव्हते, म्हणून एका बाजूने सिस्टरने आणि दुसऱ्या बाजूने गोगलगायीने हात धरला. बाईंनी आधी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, दोन पावलं चालल्या, खड्ड्यात पाय गेला, मग मुकाट्याने दोन्ही हात परत दिले. पाणी घोट्यांपर्यंत आलं तेव्हा त्या थांबल्या.

"मला वाटायचं, मी तुम्हाला समुद्रावर आणते," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. कोणी सोबत नसतं, तर मी एकटी कधी आले असते का गं इथे? रविवारीसुद्धा शाळा उघडून बसले असते. तुम्ही बॅगा भरून दारात उभ्या राहायचात, म्हणून मी निघायचे." त्यांनी मान वळवून लांबवर पाहिलं. "परवापर्यंत मी गेलेल्या नजरेचाच विचार करत होते. राहिलेली पण बरीच आहे की."

त्यांनी डोळे पुसले. सिस्टर म्हणाली, "पुरे बाई. डोळ्यांतलं औषध वाहून जाईल, आणि ते महाग असतं." तेव्हा सगळ्याजणी हसल्या, गोगलगाय सर्वांत जास्त, सकाळपासूनचं सगळं बाहेर पडावं तशी.

रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी झाली सहल?" बाई तासभर बोलत होत्या. नदी, विटांची भट्टी, निळं दार, छपरावरचा कुत्रा, परतीच्या वाटेवर तारेवर ओळीने बसलेले पक्षी. घाटातलं मात्र त्यांनी आठवड्याने सांगितलं.

"एवढं सगळं दिसलं तुला?" नवऱ्याने विचारलं.

"दाखवलं मला," बाई म्हणाल्या.

पुढे गोगलगायीने ग्रंथालयाच्या प्रमुखांशी बोलून शनिवारी सकाळचे दोन तास वर्तमानपत्रांची खोली मागून घेतली. गिअरबॉक्स तिथे गेला. ज्यांच्याकडे लायसन्स आहे, पण गाडी चालवायची भीती वाटते, अशा बायकांना बाई तिथे शिकवतात. फी नाही. पहिल्या तासाला त्या घाट उतरण्याचा धडा घेतात आणि सुरुवातीलाच सांगतात की हा धडा आपण एकोणतीस वर्षं द्यायला विसरलो होतो. आजवर साठेक जणी येऊन गेल्या. त्यांतल्या एकीने मागच्या महिन्यात आईला घेऊन त्याच रस्त्याने समुद्र गाठला आणि तिथून बाईंना फोन केला. बाईंनी तिला विचारलं काय, तर वाटेतली नदी पाहिलीस का.

दर सहा महिन्यांनी बाई त्या पांढऱ्या यंत्रासमोर बसतात. नजर आहे तिथेच थांबली आहे. सहली आता वर्षातून तीन होतात आणि तिघी आळीपाळीने गाडी चालवतात. गेल्या खेपेला पुढे कोणी बसायचं यावरून वाद झाला. बाई म्हणाल्या, पुढची सीट माझी. सिस्टर म्हणाली, गेल्या दोन्ही वेळा तुम्हीच बसला होतात. शेवटी बाई मागे बसल्या, बेकरीवालीच्या शेजारी, मधे बिस्किटांचा डबा. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि विचारलं, "हं, सांगा. डावीकडे काय?"